गॅस वाचवू की दूध कमी करू? (काट्यावरच्या सिलेंडरची गोष्ट)

आधण

गेले दोन महिने आमच्या स्वयंपाकघरात सिलेंडर वजनकाट्यावर उभा आहे. काटा जुन्या बाजारातून आणलेला, वीस-तीस ग्रॅम इकडेतिकडे दाखवतो, पण रोज सकाळी त्याच वेळी नोंद केली की आठवड्याची सरासरी बरी निघते. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "हिनं सिलेंडरला डाएटवर ठेवलंय."

हे खूळ कुठून आलं ते सांगते. माझी पीएचडी स्पिन ग्लासवर. म्हणजे अशा मिश्रधातूंचं सैद्धांतिक गणित, ज्यांच्या आतल्या अणूंच्या चुंबकांचं दिशेबाबत एकमत होत नाही. या विषयात जॉर्जो पारिसी हे नाव देव्हाऱ्यातलं. त्यांना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि सप्टेंबर २०२२ मध्ये, युरोपात गॅसचे भाव भडकलेले असताना, या गृहस्थांनी फेसबुकवर पास्ता शिजवण्याची युक्ती पुढे पाठवली: पाण्याला उकळी आली, पास्ता टाकला, दोनेक मिनिटं झाली की गॅस बंद, वर झाकण, उरलेलं शिजणं मुरता मुरता होऊ द्या. इटलीतले आचारी असे खवळले की विचारू नका. मला मात्र आजीच आठवली. भाताचं पातेलं चुलीवरून उतरवून वैलावर ठेवायची ती.

तर मीही मोजायला बसले. आम्ही चौघं. आधी रोजचा गॅस सरासरी ३०० ग्रॅम लागायचा, म्हणजे १४.२ किलोचं सिलेंडर साधारण ४७ दिवस. मग कडधान्यं रात्री भिजवणं, प्रत्येक भांड्यावर झाकण, कुकरची पहिली शिट्टी व्हायच्या आत आच बारीक, आणि वरण-भाताचा कुकर वेळेआधी उतरवून गोधडीच्या खोक्यात. एवढं केल्यावर २२० वर आलं. खूश होते.

मग त्याच वहीच्या मागच्या पानावर दुसरा हिशोब केला आणि तोंड पडलं. एक किलो एलपीजी जळून साधारण ३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे माझी रोजची ८० ग्रॅमची बचत झाली पाव किलोला थोडी कमी. आता जेवणाकडे बघा. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये 'सायन्स'मध्ये ११९ देशांतल्या ३८ हजारांवर शेतांचा ताळा मांडला होता. त्यातली जागतिक सरासरी, मिथेन वगैरे हवा तापवणारे बाकीचे वायू कार्बन डायऑक्साइडच्याच मापात धरून: लिटरभर दुधाला ३ किलोच्या आसपास, किलोभर तांदळाला ४ च्या. आमच्याकडे रोज दीड लिटर दूध येतं. म्हणजे साडेचार किलो! शेगडी अख्ख्या दिवसात एक किलोसुद्धा नाही.

दोन महिने काट्याशी झगडून मी रोज जे वाचवते ते ८० मिलिलिटर दुधाइतकं. दोन कटिंग चहांतलं दूध हो.

हा हिशोब चुकीचा असेल तर कुठे चुकतोय ते सांगा. बरोबर असेल तर 'आम्ही शाकाहारी, आमचं काय' म्हणून पाठ थोपटणं मी बंद करते.

पाटावरवंटा

रुमाल टाकून जागा धरून ठेवतोय. दुधाला हात लावलात म्हणजे शंभर प्रतिसादांचा धागा नक्की.

वायरमन

आधणताई, पास्त्याचं खरं कारण सोपं आहे. उकळी जोरात असो की मंद, पाणी शंभर अंशांवरच राहतं. जास्तीची आच फक्त वाफ करते, आणि वाफेइतकं महाग काही नाही. लिटरभर पाणी २५ वरून १०० अंशांवर न्यायला सुमारे ३१४ किलोज्यूल लागतात, तेच लिटर पूर्ण आटवायला २२५७. सातपट! मोठा बर्नर भांड्याला १.३ किलोवॉटच्या घरात उष्णता देत असेल, तर उघड्या पातेल्यातून अर्ध्या तासात जवळजवळ लिटरभर पाणी वाफ होऊन एक्झॉस्टमधून जातं. गॅस गेला ७५-८० ग्रॅम. ताईंची दिवसभराची बचत तेवढीच आहे बघा.

कुकरचंही तेच. आत दाब दुप्पट झाला की पाणी १२० अंशांना उकळतं. दर दहा अंशांना रासायनिक क्रिया दुप्पट वेगानं होते हा ढोबळ नियम लावला तर शिजणं चौपट वेगानं. हे देनी पापँला १६७९ मध्येच कळलं होतं. पण तो दाब एकदा आला की शिट्टीची गरजच नाही. 'चार शिट्ट्या करा' असं पाककृतीत लिहितात तेव्हा ते वेळ मोजत असतात, आणि घड्याळ म्हणून वाफ उधळतात.

कढीपत्ता

इतकं करण्यापेक्षा इंडक्शन घ्या ना सरळ. धूर नाही, काही नाही.

वायरमन

@कढीपत्ता, आमच्याकडे इंडक्शनच आहे आणि स्वयंपाकघरातल्या हवेसाठी ते उत्तमच. पण ताईंचा प्रश्न कार्बनचा आहे, आणि तिथे गंमत होते. आपल्या ग्रिडवर अजून कोळशाचं राज्य आहे, एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. इंडक्शनची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर भांड्यात पोचलेल्या दर युनिटमागे ०.८ च्या वर, तारांतली गळती वेगळीच. गॅसच्या शेगडीची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तरी तेवढ्याच उष्णतेला ०.३६. तेलविहिरीपासून घरापर्यंतचा कार्बन मिळवा, तरी आजच्या घडीला गॅसच पुढे. गच्चीवर सोलर असेल आणि दुपारी शिजवत असाल तर पारडं पूर्ण उलटतं.

अवांतर: इंडक्शनसाठी भांडं घेताना खिशात फ्रिजवरचं चुंबक ठेवा. ३०४ प्रतीचं भारी स्टील बहुधा चुंबकाला दाद देत नाही, ४३० चं स्वस्त स्टील देतं. लोहचुंबकीय पत्र्यात प्रवाह मिलिमीटरच्या एखाद-दोन दशांश जाडीत कोंबला जातो म्हणून तो तळ तापतो. ॲल्युमिनियमचा रोध इतका कमी की ते थंड ते थंडच. आमच्या मामीनं आईचं ॲल्युमिनियमचं पातेलं ठेवून 'शेगडी बिघडली' म्हणून मेकॅनिक बोलावला होता.

कडबाकुट्टी

ताई, हिशोबाची वही छान आहे पण आमचा गोठा त्यात कुठं दिसत नाही. जगाची सरासरी म्हणजे कुणाचीच नाही. मी मंगळवेढ्याकडचा. आमच्या काळ्या रानात रब्बीला मालदांडी ज्वारी पेरतो. पावसाळ्यात जमिनीनं धरलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर येतं ते पीक, पाणी द्यायला लागत नाही. इथल्या ज्वारीला २०१६ ला भौगोलिक मानांकनही मिळालं. दाणा माणसाला, कडबा जनावराला. कडब्याला भाव नसता तर ज्वारी कधीच बंद झाली असती, दाण्यावर परवडत नाही. आता सांगा, कडबा काय माणूस खाणार आहे का? म्हैस ते खाऊन दूध देते, शेण देते, शेण परत रानात. तुमच्या त्या शास्त्रज्ञांची गाय सोयाबीन खाते, जंगल तोडून पेरलेलं.

ज्वारी खायची असेल तर दूधवाल्याला शिव्या देऊन चालणार नाही एवढंच म्हणतो.

आधण

कडबाकुट्टीदादा, शिव्या नाहीत हो. तुमचा मुद्दा मी दोन दिवस डोक्यात घेऊन फिरले, म्हणून उशीर.

अर्धा पटला. दूध, शेण, पूर्वी बैल आणि वर कडब्यामुळे टिकलेली ज्वारी, इतकं सगळं एका जनावराच्या खात्यावर असेल तर मिथेन एकट्या दुधाच्या नावावर का टाकायचा? कुठल्या खात्यावर किती, हा निसर्गाचा नियम नाही, मोजणाऱ्यानं घेतलेला निर्णय आहे. भौतिकशास्त्रात आम्ही निर्देशचौकट बदलली की वेग बदलतो, तसंच. जमिनीच्या हिशोबात तर तुम्ही सरळ जिंकलात. कडब्यावरची म्हैस माणसाच्या ताटातलं काही घेत नाही.

उरलेला अर्धा नाही पटला. कडबा चोथट. तो पचवताना पोटातले सूक्ष्मजीव जास्त मिथेन करतात. आणि जनावर दिवसाला चार लिटर दूध देवो की पंधरा, जगण्यापुरतं खाणं त्याला लागतंच, त्याचा मिथेन निघतोच. कमी दुधाच्या जनावराचा हा बोजा लिटरमागे जास्त पडतो. म्हणजे आपलं दूध जागतिक सरासरीपेक्षा हलकं असेल असं गृहीत धरता येत नाही.

एक गोष्ट मात्र जनावरांच्या बाजूनं. मिथेन हवेत साधारण बारा वर्षं टिकतो, कार्बन डायऑक्साइडचा मोठा हिस्सा शतकानुशतकं. जनावरांची संख्या स्थिर राहिली तर त्यांचा मिथेनही एका पातळीला येऊन थांबतो. सिलेंडरचा कार्बन साठतच जातो. एक किलो मिथेन म्हणजे शंभर वर्षांच्या मापात २७-२८ किलो कार्बन डायऑक्साइड, पण वीस वर्षांचं माप घेतलं तर ८० च्या आसपास. कुठलं माप घ्यायचं हेही शेवटी माणसंच ठरवतात. म्हणून माझा साडेचारचा आकडा मी आता पेन्सिलीनं लिहिलाय.

हापूसविरह

लंडनहून लिहितोय. 'लोकल खा' हा मंत्र इथे फार चालतो, पण ताईंनी सांगितलेल्या पूर-नेमेचेकच्या अभ्यासात वाहतुकीचा वाटा बहुतेक पदार्थांत दहा टक्क्यांच्याही आत निघतो. आपण जी तूरडाळ खातो त्यातली बरीच मोझांबिक, टांझानिया, मलावीहून जहाजानं भारतात येते. जहाजाचं दर किलोला फार काही पडत नाही.

विमानाची गोष्ट निराळी. टनामागे किलोमीटरला एक किलोच्या वरच कार्बन. मुंबई-लंडन सुमारे ७२०० किलोमीटर. म्हणजे मी मे महिन्यात वेम्बलीहून आणतो त्या रत्नागिरीच्या हापूसवर किलोमागे सात-आठ किलो कार्बन बसलेला असतो. हे गणित मी एकदा पेटी उघडताना केलं. आंबे खाल्लेच, पण साली चोखताना जरा जास्त मन लावलं.

पाटावरवंटा

कोयीसुद्धा चोखा. निदान सत्तर ग्रॅम कार्बन तिथे चिकटलेला असतो.

पितळी डबा

मी सत्तरीची आहे, तेव्हा मला काकू म्हणा. तुम्ही सगळे जेवणाचं बोलता, भांड्यांचं कुणी बोलत नाही. माझ्याकडे सासूबाईंचं पितळी पातेलं आहे, त्यांना त्यांच्या सासूकडून आलेलं. नॉनस्टिकचे तवे मात्र मी चार टाकून दिले. त्याचा कार्बन कुठे धरलात?

पितळ स्टीलपेक्षा सात-आठ पट चांगली उष्णता वाहतं, हे मला आमच्या इंजिनिअर मुलानं सांगितलं. खीर तळाला लागत नाही हे मला आधीच माहीत होतं. पण कल्हई हवी. ताक, चिंच, टोमॅटो उघड्या पितळेत ठेवलं की कळकतं. पूर्वी कल्हईवाला वाड्यात भाता लावून बसायचा, नवसागराचा धूर उठायचा आणि कापसाच्या बोळ्यानं कथील असं फिरवायचा की पातेलं चांदीचं व्हायचं. आता वर्षातून एकदा शोधत हिंडावं लागतं.

गॅस वाचवायचा तर पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी काढलेला सराई कुकर पाहा. शंभरेक ग्रॅम कोळशाच्या कांड्यांवर चार-पाच माणसांचा वरण-भात-भाजी वाफेवर होते. कांड्या उसाच्या पाचटाच्या! शेतकरी जे जाळून टाकतात ते. त्या पाचटाच्या कोळशाला २००२ मध्ये ॲशडेन पारितोषिक मिळालं. आणि त्याहून जुना बंगाल्यांचा इकमिक कुकर, इंदुमाधव मल्लिकांचा, १९१० चा. पारिसीबाबा फार उशिरा आले.

आधण

काकू, दंडवत. कल्हई म्हणजे शुद्ध पदार्थविज्ञान. नवसागर तापून पितळेवरचा ऑक्साइडचा थर खातो, तेव्हा कुठे वितळलेलं कथील धातूला भिजवू शकतं. नाहीतर त्याचे मोत्यासारखे थेंब पळतात. सांध्यावर तांबं आणि कथिलाचं संयुग तयार होतं, सहा तांब्याला पाच कथील, म्हणून ती नुसती लेपासारखी बसत नाही, धातूत रुजते. एकच जपायचं: कथील २३२ अंशांना वितळतं. रिकामं पातेलं आचेवर विसरलात की कल्हई गोळा होऊन बसते.

टिकाऊपणाचा तुमचा मुद्दा माझ्या वहीत नव्हता. आता आहे. दुरुस्त होणारं भांडं.

मोड आलेली मटकी

फूड टेक्नॉलॉजीवाली आहे, म्हणून गोधडीच्या खोक्याबद्दल थोडं कडक बोलते.

भाताचा पिठूळपणा ६५ ते ७५ अंशांत फुलतो, म्हणून भात मुरून होतो. डाळीचं तसं नाही. पेशींना जोडणारं पेक्टिन सुटायला ९० च्या वर बराच वेळ लागतो. बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही, कारण त्यातलं कॅल्शियम पेक्टिनला आणखी घट्ट बांधतं. भिजवताना चमचाभर मीठ टाका, सोडियम त्या कॅल्शियमची जागा घेतं. सोड्यानंही होतं, पण चव आणि ब जीवनसत्त्व जातं.

राजम्याच्या बाबतीत खोका विसरा. त्यातलं लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन कमी आचेवर मरत नाही, पोटाचे हाल होतात. भिजवून, पाणी बदलून, निदान दहा मिनिटं खळखळून उकळायलाच हवा. आपला कुकर इथे वरदान आहे. भात खोक्यात ६० अंशांखाली जाऊ देऊ नका. आधणताई, तुमचं तापमान किती राहतं?

आधण

तीन लिटरचं भरलेलं पातेलं ९७ अंशांवर ठेवलं तर दोन तासांनी ८४. लिटरभरच असेल तर ७५ च्या खाली. लहान भांड्यात साठलेली उष्णता कमी आणि त्या मानानं पृष्ठभाग जास्त, त्यामुळे दोघांच्या स्वयंपाकाला खोका तितकासा उपयोगी नाही. राजमा कधीच ठेवला नाही, आता ठेवणारही नाही.

कढीपत्ता

इंडक्शनवाली गेले चार दिवस गप्प बसून वाचतेय. माझा प्रश्न साधा आहे. आमच्याकडे दूध आणण्यापेक्षा दही आंबून टाकलं जातं त्याचं काय?

आधण

@कढीपत्ता, तुम्ही बहुतेक सगळ्यात मोठ्या भोकावर बोट ठेवलंत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांत माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं असा अंदाज आहे, त्यात सालं-देठंही धरलेली. चौघांच्या घराला रोज सहाशे ग्रॅम. टाकलेल्या वाटीभर दह्यात आमची दोन दिवसांची गॅसबचत जाते.

आणि आंबलेल्या दह्याला आपल्याकडे कढी आहे की! इथे माझे भाऊबंद परत येतात. इटलीचा काचो ए पेपे नावाचा पास्ता असतो, चीज आणि मिरी. सॉस गरम झाला की चीजचे गठ्ठे होतात. परदेशात काम करणाऱ्या काही इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी त्याचा रीतसर प्रावस्था-आलेख (कुठल्या तापमानाला, किती स्टार्चला सॉस एकजीव राहतो याचा नकाशा) काढला आणि चीजच्या दोन-तीन टक्के स्टार्च असला की सॉस फुटत नाही असं दाखवलं. २०२५ चं भौतिकशास्त्राचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, त्यांना मिळालं. आपण ताकाला बेसन लावतो ते नेमकं हेच. पिठातला स्टार्च फुगून केसिन या दुधातल्या प्रथिनाच्या कणांना एकमेकांना चिकटू देत नाही. बेसन आधी लावा, आच मंद, ढवळत राहा. दही कितीही आंबट असो, फुटत नाही.

पितळी डबा

आणि मीठ शेवटी. हे कुठल्या नोबेलवाल्यानं सांगितलेलं नाही, पण आमची कढी फुटत नाही.

आधण

महिन्याभरानं वर काढतेय धागा. दूध दीडवरून सव्वा लिटर. त्याखाली नेलं तर घरात बंड होईल, मुलाचं दूध आणि सासूबाईंचा चहा यांना हात लावायचा नाही असा तह झालाय. भात रात्रीचा बंद, आठवड्यातून चार दिवस भाकरी. त्याने रोजचा पावशेर तांदूळ वाचतो, म्हणजे त्या चार दिवशी माझ्या गॅसबचतीच्या चौपट, भाकरीचा ताळा वजा केला तरी निम्म्याहून जास्त उरतं. तांदळाचा आकडा मोठा का, तर साचलेल्या पाण्याखाली मुळांशी हवा पोचत नाही आणि चिखल मिथेन सोडतो. अधूनमधून पाणी उतरू दिलं तर तो तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत घटतो. पण ते शेतात होतं, माझ्या ओट्यावर नाही.

दही एकदाही टाकलं नाही. कढीला मुलगा कंटाळलाय.

दादा, मालदांडीचं पीठ मिळेल का?

कडबाकुट्टी

पीठ कशाला, जानेवारीत हुरड्याला या सगळे. आणि ताई, तो काटा आणा बरोबर. म्हशीलाच उभी करू.